कॅम सेन्सरचा कोड, पण दोष इग्निशनमध्ये

स्कॅनरवर पी०३४० किंवा पी०३४१ हा दोषाचा कोड दिसला की आपल्याकडे पुढचं काम ठरलेलं असतं: कॅम सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची जागा सांगणारा) बदलायचा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही गॅरेजात जा, हेच चालतं. सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी काही दिवस बरी चालली आणि पावसात किंवा चढावर दिवा परत लागला, की दुसरा सेन्सर. गाडीवाल्याचे पैसे जातात आणि खरा दोष जिथल्या तिथे राहतो. मुळात कोड सेन्सरवर बोट ठेवतच नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कॅमकडून जसा सिग्नल हवा होता तसा मिळाला नाही, एवढंच तो सांगतो. का मिळाला नाही, ते आपण शोधायचं असतं.

सिग्नल बिघडवणाऱ्या कारणांत इग्निशन फार वरच्या नंबरवर आहे, आणि तिकडेच सगळ्यांत शेवटी बघितलं जातं. म्हणून अशा एका गाडीची तपासणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आकड्यांसकट मांडतो आहोत. गाडी केए-२२ पासिंगची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, नंतर बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. इग्निशन वेस्ट स्पार्क पद्धतीचं, म्हणजे एका कॉइल पॅकमध्ये दोन कॉइल, एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला, दुसरी २ आणि ३ ला, आणि तिथून प्लगपर्यंत जास्त व्होल्टेज नेणाऱ्या चार एचटी वायरी. कॅम सेन्सर तीन पिनांचा, हॉल इफेक्टवाला, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारा. दुसऱ्या गॅरेजात सेन्सर एकदा बदलून झालेला होता.

तक्रार मालकाच्या शब्दांत अशी: "जांबोटीच्या पुढं चढ लागला की झटके मारूलालीय. पेट्रोलवर टाकली की सरळ होती. पाऊस असला की जास्तच."

या तीन वाक्यांत अर्धं निदान आहे. कॅम सेन्सरला गाडी पेट्रोलवर आहे की गॅसवर, याच्याशी काही देणंघेणं नसतं. चढाशीही नसतं. तो फक्त कॅमवरच्या दात्यांच्या कडा मोजतो. गॅस, चढ आणि ओलावा या तिन्ही गोष्टींनी बिघडते ती ठिणगी. सीएनजी आणि हवेच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. चढावर थ्रॉटल जास्त उघडलेला असतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, त्यानेही व्होल्टेजची मागणी चढते. आणि ओलाव्यात त्या वाढलेल्या व्होल्टेजला प्लगऐवजी दुसरी वाट सापडते. म्हणून अशा गाडीत पहिला प्रश्न विचारायचा तो हा: गॅसवर होतं की पेट्रोलवरही होतं? चढावर होतं की सपाटीलाही? उत्तर "दोन्हीकडे सारखंच" असं आलं तर सेन्सर, वायरिंग किंवा टायमिंगकडे (कॅम आणि क्रँकशाफ्टच्या एकमेकांशी मेळाकडे) आधी बघावं.

स्कॅनर लावल्यावर तीन कोड मिळाले: पी०३४१, पी०३०० आणि पी०३०४. कोड वाचताना शेवटच्या आकड्याकडे नीट बघायला हवं. पी०३४० म्हणजे कॅम सेन्सर सर्किटमध्ये दोष. पी०३४२ म्हणजे सिग्नल सतत खाली, पी०३४३ म्हणजे सतत वर. हे दोन बहुधा तुटलेली वायर, शॉर्ट किंवा कपलर दाखवतात. पी०३४१ म्हणजे सिग्नल येतोय, पण हिशोबात बसत नाही. पी०३४४ म्हणजे मध्येच तुटतो. इग्निशनचा त्रास असेल तर बहुतेक वेळा ०३४१ किंवा ०३४४ येतो, आणि सोबत मिसफायरचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचा) एखादा कोड असतो, इथले पी०३०० आणि पी०३०४ तसे. काही कंपन्यांच्या ईसीयूत एवढा बारीक भेद नाही, तिथे सगळ्यालाच ०३४० लागतो. पी०३०४ ने ४ नंबरचं सिलिंडर दाखवलं, ही मोठी खूण, कारण या इंजिनात कॅम सेन्सर हेडच्या त्याच टोकाला आहे.

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्यावी. साधा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाईलवरचं ॲपही ती दाखवतं. कोड ज्या क्षणी लागला तेव्हाचे आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, गाडीचा वेग एवढं त्यात असतं. इथे इंजिन पूर्ण गरम, आरपीएम २४०० च्या आसपास, लोड ८० टक्क्यांवर. म्हणजे स्टार्टिंगचा दोष नाही, ओढतानाचा आहे. स्टार्ट करताना लागलेला कोड असता तर बॅटरी आणि सेल्फकडे आधी गेलो असतो. कोड आधी पुसून मग तपासायला बसणं म्हणजे हातातला पुरावा फेकून देणं.

लाईव्ह डेटात कॅम-क्रँक सिंक, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांशी जुळतात का, ते दाखवणारी ओळ असते, सगळ्या गाड्यांत नाही, पण असली तर बघावी. इथे आयडलवर सिंक पक्का होता. पेट्रोलवर रेस केली तरी पक्का. गॅसवर एकदम रेस दिली की क्षणभर सुटायचा.

आता सेन्सरच्या तीन वायरी. कपलर काढून, इग्निशन ऑन, इंजिन बंद, हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या जुडग्याच्या) बाजूला मोजायचं. एका पिनवर पुरवठा: या गाडीत ५ व्होल्ट, काही गाड्यांत १२ असतो. दुसऱ्या पिनवर ग्राउंड. तिसऱ्या पिनवर, म्हणजे सिग्नलच्या वायरवर, ५ व्होल्ट दिसायला हवेत, कारण हॉल सेन्सर स्वतः व्होल्टेज पाठवत नाही. ईसीयू त्या वायरवर ५ व्होल्ट धरून ठेवतो आणि सेन्सर ते दर दात्याला खाली ओढतो. इथे ४.९८ आणि ४.९६ मिळाले. म्हणजे ईसीयूपासून कपलरपर्यंतची वायर शाबूत. कपलर लावून, मागच्या रबर सीलमधून बारीक पिन सरकवून परत मोजायचं. वायरच्या इन्सुलेशनला सुई टोचू नये. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात त्या भोकातून पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि पुढच्या वर्षी तिथे खरोखरच कॅम सेन्सरचा दोष तयार होतो.

मल्टिमीटरचं काम इथे संपतं. तो सरासरी दाखवतो. काही मायक्रोसेकंदांची उडी त्याला दिसत नाही. इथून पुढे स्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) लागतो. हातात मावणारा दोन चॅनलचा साधा स्कोप पुरतो. पहिला चॅनल कॅम सिग्नलवर, दुसरा एचटी वायरच्या रबरावर बसणाऱ्या कॅपॅसिटिव्ह क्लिपवर. कॉइलच्या प्रायमरीला (कमी व्होल्टेजच्या वेढ्याला) प्रोब थेट लावायचा असेल तर व्होल्टेज कमी करणारा ॲटेन्युएटर हवाच, कारण कॉइलचा करंट तुटतो त्या क्षणी प्रायमरीवर ३०० ते ४०० व्होल्टांचा झटका येतो आणि स्वस्त स्कोपचा इनपुट जागीच जातो.

काय दिसायला हवं, त्याचा हिशोब आधी करून ठेवायचा. आयडल ८०० आरपीएम धरला तर क्रँकचा एक फेरा ७५ मिलिसेकंदांचा. कॅम त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे त्याचा फेरा १५० मिलिसेकंदांचा. वेस्ट स्पार्कमध्ये प्रत्येक एचटी वायर क्रँकच्या दर फेऱ्याला एकदा ठिणगी देते, म्हणून कॅमच्या एका फेऱ्यात एकाच वायरीवर दोन ठिणग्या: एक कॉम्प्रेशनला, एक एक्झॉस्टला. कॉम्प्रेशनच्या ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, एक्झॉस्टच्या वेळी सिलिंडरमध्ये दाब नसल्याने कमी. तेव्हा आवाज, म्हणजे सिग्नलवर चढणारा विजेचा गोंधळ, एचटी वायरकडूनच येत असेल तर कॅम सिग्नलवर दर ७५ मिलिसेकंदांनी टोक दिसेल आणि ती टोकं एक उंच, एक बुटकं अशी आळीपाळीने येतील.

स्कोपचा टाइमबेस (पडद्यावरच्या एका चौकटीचा वेळ) २० मिलिसेकंदांवर ठेवून गाडी पेट्रोलवर चालवली. चौकोनी लाट, वर ५ व्होल्ट, खाली ०.३ च्या आसपास. लाटेवर बारीक काटे, आणि ४ नंबरच्या वायरीची ठिणगी जिथे पडते बरोबर त्याच रेषेत. एक उंच, एक बुटका. गॅसवर टाकली, उंच काटा वाढला. एकदम रेस दिली तेव्हा लाट खाली असताना काटा ३ व्होल्टांच्या वर उडाला. ईसीयूच्या लेखी ही एक जादा कड. कॅमच्या एका फेऱ्यात ठरलेल्या कडांपेक्षा एक जास्त आली की क्रँकच्या दात्यांशी ताळा बसत नाही, असं ठरावीक वेळा झालं की पी०३४१. सेन्सर आपलं काम चोख करत होता. त्याच्या वायरीवर दुसऱ्याचा आवाज चढत होता.

क्लिप ४ वरून काढून १ वर लावली तरी काटे दिसले, पण १ आणि ४ एकाच कॉइलवर एकाच क्षणी पडतात, त्यामुळे यावरून त्या दोघांत निवड होत नाही. २ किंवा ३ वर लावली तेव्हा त्या ठिणगीच्या रेषेत कॅम सिग्नल जवळजवळ स्वच्छ होता. म्हणजे १-४ ची जोडी नक्की, आणि पी०३०४ मुळे त्यातही ४.

आता बॉनेटखाली. ४ नंबरची एचटी वायर हेडच्या मागच्या टोकाकडे जाते. सीएनजी किट बसवताना इंजेक्टरची वायरिंग, आरपीएमची वायर आणि मूळ हार्नेसमधला कॅम सेन्सरचा तुकडा असं सगळं एका जाळीच्या पाईपात घालून त्याच एचटी वायरीला केबल टायने घट्ट बांधलं होतं. एक वीत लांबीभर दोन्ही अगदी चिकटून. हे दिसायला नीटनेटकं असतं, म्हणूनच असं बांधतात, पण यापेक्षा वाईट जागा सापडणार नाही. एचटी वायरीतून दर ठिणगीला हजारो व्होल्ट चढतात-उतरतात, आणि शेजारून समांतर जाणाऱ्या सिग्नलच्या वायरीत त्याचा अंश उतरतोच. त्यात आरपीएमची वायर. ती बहुतेक किटांत कॉइलच्या निगेटिव्हवरून घेतात, म्हणजे तिच्यावर मघाशी सांगितलेला ३०० ते ४०० व्होल्टांचा झटका कायम चालू असतो. ती वायर कॅम सिग्नलच्या शेजारी त्याच पाईपात ठेवणं म्हणजे आवाज घरात आणून बसवणं.

गॅस किटच्या गाडीत आणखी एक गोष्ट इथेच बघून घ्यावी: टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर लावला आहे का. हा छोटा डबा क्रँकचा, काही ठिकाणी कॅमचाही सिग्नल मध्येच तोडून, पुढे सरकवून ईसीयूला देतो. त्याचे जोड ढिले झाले किंवा त्याचं सेटिंग चुकलं की कॅम-क्रँकचे कोड येतात आणि कितीही सेन्सर बदलले तरी जात नाहीत. या गाडीत तो नव्हता.

दुरुस्तीला हात घालायच्या आधी प्लग, वायरी, कॉइल आणि अर्थिंग मोजलं. आणि पुढे एकेक गोष्ट सुधारून दर वेळी स्कोप लावला. सगळं एकदम बदललं तर गाडी नीट होते, पण काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि त्यातलं एखादं परत बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्लग गार इंजिनवर काढले. खोबणीतली धूळ हवेने आधी उडवायची, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. आमच्याकडे तांबडी माती इतकी बारीक असते की फडक्याने पुसून भागत नाही. फीलर गेजने गॅप बघितला: दोन प्लगांत १.२ मि.मी., दोनमध्ये १.४. गॅसवर चालणाऱ्या गाडीला ०.७ ते ०.८ ठेवायला हवा. गॅप वाढला की ठिणगीला लागणारं व्होल्टेज वाढतं, आणि व्होल्टेज वाढलं की वायरीतून बाहेर पडणारा आवाज वाढतो. वेस्ट स्पार्कमध्ये जोडीतल्या दोन प्लगांना ठिणगी उलट दिशांनी मिळते, म्हणून एकाचा मधला इलेक्ट्रोड झिजतो आणि दुसऱ्याचा बाजूचा. काढल्यावर प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवले की ही झीज जोडीजोडीने स्पष्ट दिसते.

४ नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली एक बारीक काळी रेघ होती, पेन्सिलने ओढावी तशी. ही कार्बनची वाट. ठिणगी आत जायच्याऐवजी त्या रेघेवरून बाहेरच्या बाजूने बॉडीला उतरत होती. बाकीच्या प्लगांवर लोखंडी भागाच्या लगेच वर तपकिरी कडं होतं. त्याला घाबरायचं कारण नाही. जोराच्या विद्युतक्षेत्रामुळे तेलाचे कण तिथे चिकटतात, प्लग त्यामुळे खराब होत नाही. आडवं तपकिरी कडं चालतं, उभी काळी रेघ चालत नाही. या दोन्हींतला फरक न कळल्यामुळे चांगले प्लग फेकले जातात आणि खराब परत बसतात.

रेघ ओढलेल्या प्लगवर बसणारा रबर बूट उलटा करून आतून बघायचा. तिथेही तीच रेघ उमटलेली असते. प्लग नवा टाकला आणि बूट जुनाच ठेवला तर नव्या प्लगवर थोड्याच दिवसांत तशीच रेघ उमटते. इथे बूट आतून चिकट आणि फुगलेला होता, कारण प्लगच्या खोबणीत तेल उतरलं होतं. वरच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधली प्लगभोवतीची सील कडक झाली की तेल तिथून झिरपतं, तेलाने रबर मऊ पडतं, त्याचं इन्सुलेशन जातं. म्हणून कामात गॅस्केटही आलं. ते सोडलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात हीच गाडी याच कोडसह परत आली असती.

प्लगचा रेझिस्टर मल्टिमीटरने टोपीपासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मोजता येतो. ५ किलोओहमच्या आसपास यायला हवा. तो आवाज दाबायलाच असतो. प्लगच्या नंबरात 'आर' असेल तर रेझिस्टर आहे: एनजीकेच्या बीकेआर६ई मधला आर, बॉशच्या एफआर७ मधला आर. दुकानात आर नसलेला प्लग स्वस्त मिळाला आणि चुडी जुळली म्हणून टाकला तर इंजिन छान चालतं, पण सेन्सर आणि रेडिओ दोन्हींत खरखर सुरू होते. या गाडीत चारही प्लग आरवालेच होते.

एचटी वायरी मोजल्या. कार्बन कोअरच्या वायरीला मीटरमागे साधारण १० ते २० किलोओहम धरतात, त्यामुळे लांबीप्रमाणे आकडा बदलतो. पहिल्या तीन वायरी ५ ते ८ किलोओहमच्या आत. चौथी सरळ धरली तर ४० च्या वर आणि बुटाजवळ वाकवली की मीटर उघडा सर्किट दाखवायचा. आतला कार्बनचा धागा बुटाच्या तोंडाशी तुटला होता. वायर बुटाला धरून न काढता मधे धरून ओढली की तो तिथेच तुटतो. तुटलेल्या जागी ठिणगी आधी वायरीच्या आतच उडी मारते, मग प्लगमध्ये. ही जादा उडी म्हणजे जादा आवाज, आणि ती नेमकी कॅम सेन्सरच्या हार्नेसजवळ.

कॉइल पॅकची सेकंडरी (एचटी वायरीच्या बाजूचा वेढा) दोन्ही बाजूंना ११ ते १२ किलोओहम, एकमेकांशी जुळणारी. अशा पॅकमध्ये ८ ते १५ च्या दरम्यान आणि दोन्हींत फार फरक नसला की ठीक म्हणायचं. इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा भाग) आतच असलेल्या कॉइलची प्रायमरी मीटरने मोजून काही कळत नाही, तिथे वेळ घालवू नये. कॉइलवर तडा नाही, पांढरी रेघ नाही. ती ठेवली.

ठिणगी तपासायला इंजिन चालू असताना एचटी वायर ओढून काढायची सवय बऱ्याच जणांना असते. ती सोडायला हवी. उघड्या वायरीवर कॉइलचं व्होल्टेज पूर्ण चढतं आणि कॉइलचं आतलं इन्सुलेशन फुटतं, शिवाय न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो लालबुंद होतो. गॅसच्या गाडीत तर बॉनेटखाली उघडी ठिणगी पाडणं हा जिवाशी खेळ आहे. स्पार्क टेस्टर स्वस्त मिळतो. कामाआधी सीएनजीच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून, पाईपांवर साबणाचं पाणी लावून गळती नाही ना, ते बघावं.

पावसाळ्यातली तक्रार गॅरेजात उन्हात उभी करता येत नाही, तिला सोपा उपाय आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर, दिवे बंद करून, गाडी आयडलवर ठेवून एचटी वायरी आणि बुटांवर बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारायचा. गळणारी वायर निळसर ठिणग्यांनी स्वतःच जागा दाखवते, टक् टक् असा आवाजही येतो. इथे ४ च्या बुटाच्या तोंडाशी रेषा उमटली आणि त्याच क्षणी स्कोपवरचे काटे वाढले. पाणी फक्त इग्निशनवर मारायचं, अल्टरनेटर आणि गॅस रेग्युलेटरच्या कपलरवर नाही.

राहिलं अर्थिंग. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (क्लॅम्पवर नव्हे, पोलवर), दुसरं इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारायचा. ०.४५ व्होल्ट आले. ०.२ ते ०.३ च्या आत हवेत. इंजिन चालू, हेडलाइट आणि फॅन चालू ठेवून कॅम सेन्सरच्या ग्राउंड पिनवर ०.१५ व्होल्ट, तिथे ०.०५ च्या आत हवेत. म्हणजे बॉडी आणि इंजिनमधली अर्थ पट्टी गंजली होती. कॉइलचा, सेल्फचा, फॅनचा सगळा करंट परत जायला वाट अरुंद, म्हणून ईसीयूचं ग्राउंड वर उचललं जायचं. कॅम सिग्नलची खालची पातळी ०.३ वर का होती, त्याचं उत्तर हेच. खालची पातळीच वर असली की काट्याला उडी मारायला तेवढी कमी उंची लागते.

अर्थ पट्टीपासून सुरुवात केली. दोन्ही टोकं उघडून, रंग आणि गंज घासून, नवी १६ चौरस मि.मी.ची पट्टी स्टार वॉशर घालून आवळली. सेल्फ मारताना ०.१२. कॅमची खालची पातळी ०.१ पर्यंत उतरली. काटे होतेच, पण ३ व्होल्टांपर्यंत पोचत नव्हते. मग हार्नेस सोडवला. कॅम सेन्सरच्या तीन वायरी वेगळ्या करून एचटी वायरीपासून निदान ५ सें.मी. दूर नेल्या आणि जिथे ओलांडायलाच लागतं तिथे काटकोनात ओलांडल्या. आरपीएमची वायर वेगळ्या वाटेने फिरवली आणि तिचा पिळून टेप गुंडाळलेला जोड सोल्डर करून हीट श्रिंक चढवला. काटे अर्ध्याहून कमी झाले. सेन्सरच्या वायरीला जाळीचं शिल्डिंग असेल तर ते एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला ग्राउंड करायचं. दोन्ही टोकांना केलं तर त्या जाळीतूनच ग्राउंडचा करंट वाहू लागतो.

शेवटी प्लग, एचटी वायरींचा पूर्ण संच आणि व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट. प्लगचा गॅप ०.७५ मि.मी. वॉशरवाला १४ मि.मी. चुडीचा प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर हाताने पूर्ण बसल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, त्याच्यापुढे नाही. प्रत्येक बुटाच्या आतल्या ओठाला सिलिकॉन डायइलेक्ट्रिक ग्रीस, वाटाण्याएवढं. धातूच्या टोकावर भरायचं नाही. वायरी मूळच्या होल्डरांत बसवल्या, एकमेकींना किंवा हेडला घासणार नाहीत अशा.

स्कोपवर आता गॅसवर, रेस देऊनही, कॅमची लाट स्वच्छ. काटे असले तरी रेषेच्या जाडीत लपलेले.

प्रत्येक केस अशी एचटी वायरीवर सुटत नाही. प्लगवर कॉइल बसवलेल्या गाड्यांत एचटी वायर नसतेच. तिथे बूट, त्यातली स्प्रिंग आणि कॉइलचं आतलं शॉर्ट बघावं लागतं. तिथे कॉइल आणि कॅम सेन्सर एकाच फ्यूजवर असतील तर एक कॉइल तापून शॉर्ट होऊ लागली की पुरवठाच खाली बसतो आणि कोड मात्र सेन्सरचा येतो. गरम झाल्यावर कोड येत असेल तर एकेक कॉइलचा कपलर काढून पुरवठ्याचं व्होल्टेज बघायचं.

दुसरा मोठा प्रकार इग्निशन स्विचचा. जुनी गाडी, किल्लीला जुडगा लटकलेला, स्विचमधले काँटॅक्ट झिजलेले. खड्ड्यातून गेली की क्षणभर पुरवठा तुटतो आणि पी०३४० येतो, बहुतेक वेळा एकटा नाही, क्रँक सेन्सरचा पी०३३५ किंवा कमी व्होल्टेजचा पी०५६२ बरोबर घेऊन. वेगवेगळ्या सेन्सरांचे कोड एकदम आले की त्यांना सामायिक असलेली गोष्ट शोधायची: स्विच, मेन रिले, फ्यूज, ग्राउंड. मीटर मिन-मॅक्सवर ठेवून बॅटरी पॉझिटिव्ह आणि स्विचचं आउटपुट यांच्यामध्ये लावायचा, लोड चालू ठेवून किल्ली हलवायची. ०.५ व्होल्टांच्या वर फरक गेला तर स्विच बदलायचा. स्टार्ट करतानाच कोड लागत असेल तर सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टांच्या खाली जाते का ते बघायचं.

आणि पी०३४१ बरोबर पी००१६ असेल तर इग्निशन सोडून टायमिंगकडे जावं. स्कोपवर कॅमच्या कडा क्रँकच्या चकतीवर मुद्दाम गाळलेल्या दात्याच्या तुलनेत सरकलेल्या दिसतात. ताणलेली चेन किंवा एक दाता घसरलेला बेल्ट. त्यात वेळ काढणं परवडत नाही, कारण पुढचा दाता घसरला तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात.

या गाडीची खात्री करायला सगळे कोड पुसून ती गॅसवर वंटमुरी घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, आरपीएम २४०० च्या आसपास ठेवून नेली, म्हणजे फ्रीझ फ्रेममध्ये होती तीच परिस्थिती. सपाटीला शहरात फिरवून या दोषाची खात्री होत नाही. दिवा लागला नाही एवढ्यावर थांबू नये. बऱ्याच ईसीयूंना दिवा लावायला गाडी चालवण्याच्या दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत दोष दिसावा लागतो. पहिल्या फेरीतला दोष पेंडिंग कोडमध्ये बसतो, तो स्कॅनरवर वेगळा वाचावा लागतो. पेंडिंग रिकामं होतं. गाडी पूर्ण गार होऊ देऊन परत तोच चढ, परत रिकामं.

मालकाने मूळचा कॅम सेन्सर डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवला होता. तो बसवून स्कोप लावला. कडा सरळ, खालची पातळी ०.१. बाजारातून आणलेल्या नव्या सेन्सरच्या कडा त्याच्यापेक्षा थोड्या तिरक्या होत्या आणि बसल्यावर दात्यापासूनचं अंतरही जास्त राहत होतं. म्हणून मूळचाच सेन्सर ठेवला, नवा काढून मालकाच्या हातात दिला. गॅसवर चालणाऱ्या या गाडीचा प्लगचा गॅप पुढच्या पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात, परत मोजायचा असं जॉब कार्डावर लिहून दिलं.